अंतर्गत ३० गुण: कांदाचाळीच्या हिशेबाला किती द्यायचे?

तासिका तत्त्व

मंडळी, प्रश्न गुणांचा आहे, पण गोष्ट सांगितल्याशिवाय कळायचा नाही. लांबण लागली तर सांभाळून घ्या. ४८ मिनिटं बोलायची सवय आहे.

नाशिकमधल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. तासिका तत्त्वावर, म्हणजे दर पावसाळ्यात नव्यानं मुलाखत. एस.वाय.ला सूक्ष्म अर्थशास्त्र आहे. पटावर ९४ मुलं, चांगल्या दिवशी वर्गात पन्नास. निम्मी निफाड, दिंडोरी, पेठकडून एस.टी.नं येतात; उरलेल्यांतली बरीच सातपूर-अंबडला काम करून शिकतात. सत्रान्त परीक्षेला ७० गुण, अंतर्गत ३०. त्या तिसांत १५ची लेखी चाचणी आणि १५चा प्रकल्प अशी आमच्या विभागाची जुनी वहिवाट.

आता खरं सांगतो. अंतर्गत गुण हा आमच्याकडे प्रसाद आहे. रांगेत उभा राहील त्याला मिळतो. सगळा वर्ग २४ ते २७ मध्ये मावतो. प्रकल्प म्हणजे मागच्या वर्षीच्या फाइलचं पहिलं पान बदलून आणलेली फाइल. एकाच्या ऋणनिर्देशात तर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या मॅडमचे आभार होते. आता त्यात चॅटजीपीटीची भर: गेल्या वर्षी अकरा प्रकल्प 'आजच्या वेगवान जगात' या शब्दांनी सुरू झाले. आणि नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या) दुसऱ्या निकषाची, म्हणजे अध्यापन-अध्ययन-मूल्यमापनाची, फाइल लिहिणारा मीच. त्यात 'विद्यार्थिकेंद्री पद्धती' या मथळ्याखाली द्राक्षबागेतल्या सहलीचे फोटो चिकटवणाराही मीच. त्या फोटोंत मुलं द्राक्षं खाताना दिसतात. अनुभवाधिष्ठित अध्ययन!

यंदा लाज वाटली म्हणा किंवा खुमखुमी आली म्हणा, प्रकल्प बदलला. सांगितलं की विषय आपल्या घरातला किंवा कामावरचा घ्या. जिथं कुणाला तरी 'हे करू की ते' ठरवावं लागलं अशी एक गोष्ट आणि तिचा हिशेब. निकष फळ्यावर मुलांबरोबर ठरवले. त्यात दोन तास गेले. मुलांनी आधी सांगितलं ते हस्ताक्षर, पानांची संख्या आणि स्पायरल बाइंडिंग. पुसत पुसत शेवटी चार उरले: माहिती स्वतः गोळा केलेली हवी, हिशेब जुळला पाहिजे, पुस्तकातली एक तरी संकल्पना वापरून दाखवायची, आणि पाच मिनिटं समोर बसून सांगता आलं पाहिजे. शिवाय प्रत्येकानं स्वतःला १५ पैकी किती देणार ते कारणासकट लिहायचं.

आता दोन प्रकल्प.

पहिला निफाडकडच्या एका मुलीचा. वर्गात तोंड उघडत नाही. चाचणीत १५ पैकी ४. 'संधी खर्च म्हणजे काय?' या प्रश्नापुढे कोरी जागा. (एक पर्याय निवडताना सगळ्यात फायद्याचा जो दुसरा पर्याय सुटतो, तो संधी खर्च.) तिनं घरच्या कांदाचाळीचा मागच्या हंगामाचा हिशेब लिहिलाय. एप्रिलमध्ये १५० क्विंटल उन्हाळ कांदा चाळीत भरला. तेव्हा भाव ११०० रुपये क्विंटल, म्हणजे विकला असता तर १,६५,००० आले असते. सप्टेंबरात भाव १७०० झाला, पण चाळीतून निघाला १०४ क्विंटल. बाकीचा सडला, सुकून वजनात गेला, काहींना मोड आले. आले १,७६,८००. वर दिसतात ११,८०० जास्त. त्यातून निवडीची मजुरी ७,०००. आणि मग तिचं वाक्य जसंच्या तसं: 'खताच्या दुकानाची ८०,००० उधारी होती महिना दीड टक्क्यानं. एप्रिलात विकला असता तर ती फिटली असती. पाच महिन्यांचं व्याज ६,००० गेलं. म्हणजे पाच महिने राखण करून आम्ही १,२०० रुपये घालवले, आणि पप्पा सगळ्यांना सांगतात की भाव चांगला मिळाला.' सोबत हिशोबपट्ट्यांच्या झेरॉक्स. पाच पानं, त्यात 'संधी खर्च' हा शब्द एकदाही नाही.

मी १४ दिले. तिनं स्वतःला दिले होते ५. कारण: 'घरचंच लिहिलं, पुस्तकातलं काही नाही.'

दुसरा पंचवटीतला मुलगा. चाचणीत १५ पैकी १५. प्रकल्प 'मागणीची लवचीकता', गाइडमधून, टापटीप, आकृत्या स्केचपेननं. स्वतःला १५. मी ६ दिले. तो स्टाफरूममध्ये आला. भांडला नाही, म्हणून जास्त लागलं. म्हणाला, "सर, तिच्या घरी चाळ आहे. माझे वडील रिक्षा चालवतात. मी काय मोजू?"

मला उत्तर सुचलं नाही.

विभागप्रमुख म्हणतात, सगळ्यांना चोविसाच्या वर न्या, गुण भरायचं पोर्टल आठ दिवसांत बंद होतंय. तर विचारायचं असं की त्या मुलीला किती द्यायचे? मुलांनी स्वतःला दिलेले गुण धरायचे की नाही? आणि ९४ मुलांचं हे एकट्यानं कसं निभवायचं?

निकाल राखीव

सर, मी परीक्षा विभागात चौतीस वर्षं काढली. आता नाशिकरोडला घरी बसून लोकांच्या चुका काढतो.

तुमची चूक आधी. निकष तुम्हीच ठरवलेत, मुलांसमोर, फळ्यावर. तिसरा निकष काय? पुस्तकातली एक संकल्पना वापरून दाखवायची. मुलीनं ती दाखवली का? तुम्हाला ती तिथं दिसली, कारण तुम्ही अर्थशास्त्राचे मास्तर. तिनं दाखवलेली नाही. मग १४ कुठून आले? तुम्ही कांद्याला गुण दिलेत, आणि पाच महिन्यांच्या राखणीला. त्या मुलाला तुमचा कल दिसला. तो बरोबर बोलला.

दुसरं. चाळीचा हिशेब ती तुमच्या वर्गात यायच्या आधीपासून घरी ऐकतेय. तुमच्या विषयामुळे तिच्यात काय वाढलं, ते या पाच पानांवरून कळत नाही. अंतर्गत मूल्यमापन तिच्या बापाच्या शेताचं नाही, तुमच्या सत्राचं आहे.

लोक आता बाहेरच्या परीक्षेला शिव्या देतात. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, परीक्षा घेणारी संस्था म्हणून. शिकवणारी कॉलेजं वेगळी, तपासणारा वेगळा. तपासणाऱ्याला मूल दिसत नाही, फक्त आसन क्रमांक दिसतो. हा त्या परीक्षेचा दोष आहे, कबूल. पण आडनाव, गाव, कपडे यांतलंही काही दिसत नाही. तुम्ही मूल पाहून गुण द्यायला निघालात, तर ही जोखीम डोक्यावर घेऊनच निघा.

कामाचं सांगतो. निकष विभागाच्या बैठकीच्या इतिवृत्तात घाला, तारखेसह. सगळ्यात वरचे तीन, खालचे तीन आणि मधले चार असे दहा प्रकल्प दुसऱ्या शिक्षकाला गुण न दाखवता तपासायला द्या. फरक तीन गुणांच्या वर गेला तर दोघांनी बसून बोला. प्रकल्प वर्षभर जपून ठेवा. तक्रार आली की कागद बोलतो.

'सगळ्यांना चोविसाच्या वर न्या' यावर मी काय बोलू? ज्या तराजूत सगळ्यांचं वजन सारखंच भरतं तो तराजू दुकानात ठेवत नाहीत.

पेठ घाटातला मास्तर

कॉलेजवाल्यांना हे नवं वाटतंय हे वाचून गंमत वाटली. शिक्षण हक्क कायदा २००९चा, आणि त्याच्या मागोमाग २०१० पासून आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करतोय. आकारिक आणि संकलित हे दोन शब्द आमच्या पोरांच्या आयांनाही पाठ झालेत. आकारिक म्हणजे मूल घडत असताना बघायचं, संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी. साधनं एकूण आठ: निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय... कागदावर काय सुंदर आहे!

पण त्याचं पुढं काय झालं तेही ऐका. प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या. मग बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या. पुढं व्हॉट्सअॅपवर पीडीएफ. 'परिसरातील घटनांविषयी कुतूहल दाखवतो.' हे वाक्य मी एका वर्षी सतरा मुलांच्या पुढं लिहिलंय. त्यातली दोन मुलं त्या सत्रात वीटभट्टीवर गेली होती, शाळेत नव्हतीच. कुतूहल होतं म्हणे.

त्यामुळे सर, निकष चाराचे आठ करू नका. निकष वाढले की नोंद खोटी होते, हा माझा अनुभव. मी आता काय करतो ते सांगतो. एक शंभरपानी वही. रोज फक्त पाच मुलं. त्या दिवशी त्या पाचांकडंच बघायचं आणि एकेक ओळ लिहायची. मुलाचं नाव झाकलं तरी ओळ कुणाची ते ओळखू आलं पाहिजे, नाहीतर ती ओळ खोडायची. तुमच्या ९४ ला रोज पाच म्हटलं तर कामाचे एकोणीस दिवस. सत्रात दोन फेऱ्या सहज होतात.

राहिलं ते 'घरचंच लिहिलं'. आमच्याकडचं पोरगं मोहाची फुलं वेचायला पहाटे जातं, कुठल्या झाडाखाली किती पडतात ते त्याला माहीत. परिसर अभ्यासाच्या पेपरात ते लिहीत नाही, कारण ते 'अभ्यास' नाही असं त्याला पहिलीपासून कळलेलं असतं. तुमच्या मुलीनं स्वतःला ५ दिले त्याचा उगम आमच्याकडं शोधा. आमचीच देणगी ती.

मायक्रोस्कोप

मी मनमाडकडे वनस्पतिशास्त्र शिकवते, बीएस्सीला. वरच्या दोन्ही सरांचं पटलं, पण गुण किती यावरच सगळे अडकलेत. प्रकल्प परत कधी दिला आणि त्यावर मुलांनी काय केलं, हे कुणीच विचारलं नाही.

आकारिक आणि संकलित हा भेद मायकेल स्क्रिव्हेन यांनी १९६७ साली मांडला, तोही मुळात अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनासाठी. मुलांच्या कामाला तो नंतर लागला. शिजत असताना चव घेतली तर मीठ घालता येतं, पंगत बसल्यावर नाही, एवढाच त्याचा अर्थ. तासिका सर, तुम्ही प्रकल्प विद्यार्थिकेंद्री केला, पण चव पंगतीतच घेतलीत. मुलीला १४ किंवा ५ काहीही दिलेत तरी तिच्या हातात आता करण्यासारखं काही नाही.

रूथ बटलर यांचा १९८८चा प्रयोग मी दर वर्षी नव्या सहकाऱ्यांना सांगते. इस्राएलमधली पाचवी-सहावीची मुलं. काहींना कामावर फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा उपयोग झालाच नाही. मुलं शाळेतली होती, कॉलेजची नव्हती, हे मान्य. पण निकालाच्या दिवशी आपली मुलं आधी काय बघतात ते आठवा. १४ दिसले की खालची ओळ कुणी वाचत नाही. ६ दिसले की वाचावीशी वाटत नाही.

म्हणून मी प्रकल्प पहिल्यांदा गुणांशिवाय परत देते. एकच शेरा, तोही प्रश्नाच्या रूपात. "पानाच्या मागच्या बाजूला रंध्रं जास्त का, हे तुझ्या मोजणीवरून सांग." चार दिवस. मग दुसरा खर्डा, आणि गुण फक्त त्याला. पहिल्या वर्षी निम्म्या मुलांनी दुसरा खर्डा दिलाच नाही. आता बहुतेक देतात, कारण वरच्या वर्गातली मुलं त्यांना सांगून ठेवतात.

९० मुलं एकट्यानं कशी? चाचणी दोन टप्प्यांत घेते. आधी अर्धा तास एकेकट्यानं, पेपर गोळा. लगेच तेच प्रश्न चार-चारांच्या गटात, एकच उत्तरपत्रिका. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विज्ञानाच्या वर्गांना ही पद्धत बरीच वापरतात. गटाच्या गुणांचा वाटा लहान ठेवते, पंधरात तीन. गंमत त्या दुसऱ्या अर्ध्या तासात असते. मुलं चुकीच्या उत्तरावरून अशी हमरीतुमरीवर येतात की बाहेरून शिपाईकाका डोकावून जातात. अर्धं शिकवणं तिथंच होतं, आणि मला तपासायला जास्तीच्या तेवीस उत्तरपत्रिका.

एकमेकांचं तपासणं मात्र जपून. पहिल्या वर्षी मी दहा निकषांचा तक्ता दिला होता. मुलींच्या एका गटानं एकमेकींना प्रत्येक रकान्यात पैकीच्या पैकी दिले आणि मुलांनी एकमेकांवर सूड उगवला. नॅन्सी फाल्चिकोव्ह आणि ज्युडी गोल्डफिंच यांनी २००० साली अशा बऱ्याच अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले होते. मुलांचे गुण शिक्षकांच्या गुणांच्या जवळ जातात ते नीट समजलेल्या निकषांवर कामाचा एकच एकूण निवाडा करायला सांगितल्यावर. कामाचे तुकडे पाडून रकाने भरायला लावल्यावर तितके नाहीत. म्हणजे मास्तरांची शंभरपानी वही बरोबर आणि माझा तक्ता चूक. आता मी दोन जुने प्रकल्प नावं झाकून वर्गात वाटते आणि विचारते, यातला कुठला चांगला आणि का. त्या 'का'वर एक तास जातो. तिथं मुलांना निकष कळतात, फळ्यावर लिहून कळत नाहीत.

स्वतःला दिलेले गुण मी पोर्टलवर धरत नाही. पण माझ्या आणि त्यांच्या आकड्यात चाराहून जास्त फरक असेल तर त्या मुलाला बोलावते. तुमच्या वर्गात अशी निदान दोघं आहेत: ५ म्हणणारी आणि १५ म्हणणारा. दोघांना काम ओळखता येत नाही, एकीला स्वतःचं आणि एकाला... तेही स्वतःचंच. तुमचं खरं शिकवणं तिथं बाकी आहे.

सेकंड शिफ्ट

मी शिक्षक नाही. तीन वर्षांपूर्वी बी.कॉम. झालो. अंबडला एका कंपनीत दुसऱ्या पाळीत होतो, दुपारी साडेतीन ते रात्री बारा. अजून तिथंच आहे, आता लाइनवर सुपरवायझर.

तुम्ही सगळे भारी बोलताय पण एक सांगतो. आमच्यासारख्यांना त्या सत्तर गुणांच्या पेपरनंच वाचवलं. पेपरच्या आधी आठ दिवस सुट्टी टाकायची, रात्रंदिवस वाचायचं, पास व्हायचं. पेपर तपासणाऱ्यानं कधी विचारलं नाही की वर्गात का दिसत नाहीस. तीस गुणांनी मात्र दर सत्राला रडवलं. 'सातत्यपूर्ण' म्हणजे काय, तर रोज हजर. ग्रुप प्रोजेक्ट म्हणजे ग्रुप दुपारी दोनला कॅन्टीनला भेटणार, आणि मी तेव्हा डबा भरून बसस्टॉपवर. प्रेझेंटेशनच्या दिवशी अर्धी पाळी बुडवली तर पगार कापला. एका सत्राला मला अंतर्गतमध्ये तीसपैकी तेरा आणि त्याच विषयात पेपरला सत्तरपैकी बावन्न. आता सांगा, मला विषय येत होता की नव्हता?

मॅडम म्हणतात चार दिवसांत दुसरा खर्डा. त्या चार दिवसांत महिनाअखेर आली तर? आमच्याकडं महिनाअखेरीला ओव्हरटाइमला नाही म्हणता येत नाही.

आणि रिक्षावाल्याच्या पोराला 'मी काय मोजू' हा प्रश्न पडला हे वाचून बरं वाटलं नाही. माझ्या मामाची रिक्षा शालिमार ते नाशिकरोड शेअरवर चालते. तीन सीट बसल्यावर निघायचं की चौथ्यासाठी थांबायचं, हे मामा दिवसातून वीस वेळा ठरवतो. ते मोज म्हणावं. सरांनी त्याला चाळ नसल्याबद्दल सहा दिले आणि त्यालाही ते पटलं, हेच वाईट आहे.

तासिका तत्त्व

सेकंड शिफ्ट भाऊ, तुमचं वाचून मी मोबाइल खाली ठेवला आणि अंगणात एक चक्कर मारून आलो. मागच्या आठवड्यात एका मुलाला 'तू दिसत नाहीस' म्हणून मी हजेरीचे दोन गुण कापलेत. तो सातपूरला रात्रपाळी करतो हे मला वर्गातल्या दुसऱ्या मुलाकडून कळलं, आणि तेही गुण कापल्यावर.

मॅडम, चव पंगतीत घेतली हे खरं. निकाल राखीव साहेब, तुमचा घाव जिव्हारी लागला, कारण १४ देताना मला भरून आलं होतं आणि त्याचा मला अभिमानही वाटला होता.

ठरवलंय असं: सगळे प्रकल्प उद्या गुण न लिहिता परत, एकेका प्रश्नासह. पोर्टलला आठ दिवस आहेत, त्यातले पाच मुलांना. जे कामावर जातात त्यांनी खर्डा लिहून न देता रात्री साडेनऊनंतर किंवा रविवारी फोनवर पाच मिनिटं बोललं तरी चालेल. वहीत मी लिहून घेईन. बघू.

निकाल राखीव

फोनवरच्या तोंडीची नोंद तारीख-वेळेसह ठेवा. आणि हजेरीचे कापलेले दोन गुण परत द्या. हजेरी तुमच्या चार निकषांत नव्हती.

तासिका तत्त्व

नऊ दिवसांनी परत आलोय. पोर्टल एक दिवस जास्त चालू राहिलं, तो एक दिवस देवानं दिला.

९४ पैकी ६१ जणांनी दुसरा खर्डा दिला किंवा तोंडी सांगितलं. फोनवर चौदा. एक पोरगा रात्री साडेबाराला कंपनीच्या गेटवरून बोलला, मागं ट्रकचा रिव्हर्सचा आवाज. कॅन्टीनच्या ठेकेदारानं वडापाव दोन रुपयांनी वाढवल्यावर मुलं पोहे घ्यायला लागली, पोहे वाढवल्यावर घरून डबा आणायला लागली, असं त्याचं निरीक्षण. पर्यायी वस्तू! मी इतका मोठ्यानं हसलो की घरात सगळे जागे झाले. सगळेच असे नाहीत हो. बावीस जणांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर चॅटजीपीटीला विचारून आणलं. समोर बसवून "तुझ्याच घरचा आकडा सांग" म्हटल्यावर दोघं-तिघं आकड्यावर आली, बाकीची गप्प.

पंचवटीतल्या मुलाला मी मामाच्या रिक्षाचं सांगितलं. तो दोन दिवस वडिलांबरोबर रिक्षात पुढं बसला. चौथ्या सीटसाठी सरासरी बारा मिनिटं थांबावं लागतं, आणि दुपारी एक ते चारमध्ये थांबण्यापेक्षा तीन सीटवर निघालेलं परवडतं, कारण तेवढ्यात दिवसाची एक फेरी जास्त होते. संध्याकाळी उलट. आकृती परत स्केचपेननं, पण या वेळी आडव्या अक्षावर मिनिटं. वडिलांना दाखवलं का विचारलं तर म्हणाला, "दाखवलं. म्हणाले, हे मला माहीत होतं." त्याला ११.

मुलीला माझा प्रश्न होता: एप्रिलात पैसे हातात आले असते तर त्यांचं काय काय करता आलं असतं? तिनं अर्धं पान लिहून आणलं. उधारी, नाहीतर आईला दोन शेळ्या, नाहीतर विहिरीची मोटर. तिन्हींचा हिशेब. समोर बसवून म्हटलं, यातला सगळ्यात फायद्याचा जो पर्याय सोडला, त्याला आमच्या पुस्तकात नाव आहे. तिनं पुस्तक काढलं, पान शोधलं, व्याख्या वाचली आणि बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "सर, हे तर आमच्या घरी रोजच भांडण असतं." खाली तिनं स्वतःच्या हातानं 'संधी खर्च' लिहून उधारीच्या आकड्याला बाण काढला. १३ दिले. दुसऱ्या शिक्षकांनी गुण न बघता १२ दिले होते. १२ भरले.

चोविसाच्या वर सगळे गेले नाहीत. विभागप्रमुख दोन दिवस बोलत नव्हते, काल चहाला बोलावलं. जूनच्या मुलाखतीचं जूनमध्ये बघू.

एक प्रश्न राहिला. ती मुलगी जाताना दारात थांबून विचारत होती, "सत्राच्या पेपरात संधी खर्च आला तर कांद्याचं उदाहरण लिहिलं तर चालेल का?" मी हो म्हणालो. पण तो पेपर मी तपासणार नाही. तो मूल्यांकन केंद्रावर कुणा अनोळखी माणसापुढं जाणार, आदर्श उत्तरात गहू आणि ऊस असणार. बरोबर सांगितलं का मी?

निकाल राखीव

लिहू दे. आधी व्याख्या, मग कांदा. आणि आकडे दोन ओळींत, तपासणाऱ्याला वेळ नसतो.